काडतुसांची वही वाचतं कोण?

मराठी पेपरात एक बातमी वर्षानुवर्षं त्याच शब्दांत छापून येते. ‘दोन गावठी कट्टे व चार जिवंत काडतुसे जप्त, दोघे ताब्यात.’ गाव बदलतं, आकडे बदलतात, वाक्य तेच. लहानपणी मला त्यातल्या ‘जिवंत’ या शब्दाची भारी गंमत वाटायची. मेलेलं काडतूस कसं असतं, हा प्रश्न तेव्हा कुणाला विचारला नाही. उत्तर सोपं आहे: उडवलेलं. एकदा उडालं की त्याची पितळी पुंगळी तेवढी उरते. आपल्या कायद्यात परवाना नसताना असं एक जिवंत काडतूस जवळ असणं हासुद्धा गुन्हा आहे. जुन्या बॅगेच्या कप्प्यात राहून गेलेलं एखादं काडतूस विमानतळाच्या तपासणीत सापडतं आणि माणूस विमानाऐवजी पोलीस ठाण्यात पोचतो, असे प्रकार अधूनमधून घडत असतात.

आता दुसरी बातमी. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा, ओक्लाहोमा आणि टेक्सास या राज्यांतल्या काही किराणा सुपरमार्केटांत काडतुसं विकणारी यंत्रं बसली. वाहनपरवाना दाखवायचा, यंत्र चेहरा जुळवून बघतं, वय एकवीस पूर्ण असेल तर पैसे भरायचे आणि खोका घेऊन दूध-अंड्यांच्या पिशवीत टाकायचा.

त्याच अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या माणसाला मात्र प्रत्येक खोक्यासाठी सरकारी तपासणीतून जावं लागतं. हा कायदा घटनेत बसत नाही, असा निकाल तिथल्या केंद्रीय अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठानं जुलै २०२५ मध्ये दिला. एक देश, एक राज्यघटना आणि वस्तूही तीच. मग हा एवढा फरक कुठून आला, आणि भांडण नेमकं कशावरून आहे?

आधी काडतूस उघडून बघू

आपण बोलताना ‘गोळी’ म्हणतो, पण दुकानात मिळतं ते काडतूस. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला आणि १८५७ च्या धड्यामुळे शाळेत गेलेल्या प्रत्येकाच्या तोंडी बसला. त्यात चार वस्तू असतात. पुढे गोळी, म्हणजे जी प्रत्यक्ष जाऊन लागते. तिला धरून ठेवणारी पुंगळी. पुंगळीत भरलेली दारू. आणि पुंगळीच्या बुडाशी एक छोटी टोपी, जिच्यावर बंदुकीचा खटका आपटला की ठिणगी पडून दारू पेटते. कोकणात ज्यांनी ठासणीची बंदूक पाहिली आहे त्यांना ही टोपी नव्यानं सांगायला नको. तिथे दारू, छर्रे आणि टोपी वेगवेगळी असतात. काडतुसात त्यांची एकच पुडी बांधलेली असते.

यातली गोळी लक्ष्यात घुसते आणि पुंगळी बहुतेक वेळा जागेवर पडते. म्हणून गुन्ह्याच्या जागी पोलीस आधी पुंगळ्या गोळा करतात. हे लक्षात असू द्या, पुढे कामाला येईल.

बंदूक सोडून गोळीच्या मागे का लागायचं?

कारण बंदूक टिकते. तेलपाणी केलं तर आजोबांची बंदूक नातू चालवतो. अमेरिकेत सामान्य नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी बंदुका असाव्यात, असा २०१७ सालचा एक अंदाज आहे. म्हणजे माणसांपेक्षा बंदुका जास्त. उद्या सकाळी नव्या बंदुकांची विक्री पूर्ण थांबवली तरी या ३९ कोटी कुठे जाणार?

न्यूयॉर्कचे सिनेटर डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी १९९० च्या दशकात हाच मुद्दा लावून धरला होता. देशात बंदुका दोनशे वर्षं पुरतील एवढ्या आहेत, पण काडतुसं जेमतेम चार वर्षांची, असा त्यांचा हिशेब होता. मग लगाम कुठे घालायचा? स्टोव्ह घरोघरी आहेत, ते काढून घेता येत नाहीत. रॉकेल मात्र रेशनवर देता येतं. काही जातींच्या काडतुसांवर दहा हजार टक्के कर लावा, असंही त्यांनी सुचवलं होतं. तो प्रस्ताव अर्थातच पुढे सरकला नाही.

या विचारात तथ्य आहे, आणि त्याचा पुरावा आपल्याच पेपरातल्या त्या बातमीत आहे. जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून मध्य प्रदेशात उमर्टी हे गाव आहे. गावठी पिस्तुलांसाठी ते महाराष्ट्र पोलिसांच्या चांगलंच ओळखीचं. लोखंडाची नळी, कानस आणि हातात कसब असलं की कट्टा तयार होतो. काडतुसाचं तसं नाही. पितळ ओढून पुंगळी काढायची, ती मिलिमीटरच्या अंशात बसवायची, टोपीत हादऱ्यानं पेटणारं रसायन भरायचं, हे कारखान्याचं काम आहे. खडकीला आणि वरणगावला त्यासाठी अख्ख्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या आहेत. त्यामुळे कट्टा गावठी असला तरी त्यातलं काडतूस बहुतेक वेळा कुठल्यातरी कारखान्यातून, कुणाच्या तरी हिशेबातून गळालेलं असतं.

अमेरिकेत काडतुसांच्या विक्रीची वही होती. मग गेली कुठे?

योगायोगानं मराठीत औषधालाही गोळीच म्हणतात. मेडिकलच्या दुकानात काही औषधांच्या खोक्यावर ‘शेड्यूल एच-१’ असं लिहिलेलं असतं. काही अँटिबायोटिक्स, क्षयाची औषधं, सवय लागणारी औषधं. ही विकताना मेडिकलवाल्यानं डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत उतरवायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची, असा नियम २०१४ पासून आहे. ती वही भरली जाते का, आणि भरली तर उघडून कोण बघतं, हे ज्यानं त्यानं आपापल्या अनुभवानं ठरवावं.

अमेरिकेत काडतुसांसाठी नेमकी अशी वही होती. १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी यांचा खून टपालानं मागवलेल्या रायफलनं झाला. १९६८ मध्ये एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी मारले गेले. त्याच ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी बंदूक नियंत्रण कायद्यावर सही केली. त्यानुसार काडतुसं विकणाऱ्याला परवाना लागू लागला आणि गिऱ्हाइकाचं नाव, वय, पत्ता लिहून घेणं बंधनकारक झालं.

पुढच्या वर्षीच शॉटगन आणि रायफलच्या काडतुसांना त्यातून सूट मिळाली. १९८२ मध्ये पॉइंट टू-टू म्हणजे बारीक व्यासाची काडतुसंही वगळली. १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांच्या सहीनं उरलीसुरली वहीही बंद झाली आणि काडतुसं टपालानं मागवायची मुभा पुन्हा मिळाली. ही मागणी बंदूकवाल्या संघटनांची होती हे खरं. पण ज्या केंद्रीय खात्यानं या नोंदी वापरायच्या, त्यांनीच त्यांचा तपासाला फारसा उपयोग होत नसल्याचं मान्य केलं होतं. हजारो दुकानांत कागदी वह्यांचे ढीग साठत होते आणि एका दुकानाची वही दुसऱ्याला ठाऊक नव्हती. एखादा माणूस चार दुकानांत गेला तर ते चार वह्यांतले चार वेगळे गिऱ्हाईक.

आज अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याचं चित्र थोडं विचित्र आहे. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्यानं, किंवा बायकोला मारहाण केल्याबद्दल शिक्षा झालेल्यानं बंदूकच काय, काडतूसही जवळ ठेवायचं नाही. ठेवलं तर तुरुंग. पण तो दुकानात आला तर दुकानदारानं त्याची पार्श्वभूमी तपासायचं बंधन नाही. परवानाधारक दुकानदारानं वय तेवढं बघायचं: रायफल-शॉटगनच्या काडतुसांना अठरा, पिस्तुलाच्या एकवीस. बंदूक घेताना तपासणी होते, काडतूस घेताना नाही.

कॅलिफोर्नियानं काय केलं

डिसेंबर २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोला गोळीबारात चौदा जण मारले गेले. पुढच्या वर्षी नोव्हेंबरच्या निवडणुकीत तिथल्या मतदारांसमोर ‘प्रपोझिशन ६३’ हा प्रस्ताव आला. तेव्हाचे उपराज्यपाल आणि पुढे राज्यपाल झालेले गॅव्हिन न्यूसम त्याच्या पाठीशी होते. सुमारे ६३ टक्के मतांनी तो मंजूर झाला.

२०१८ पासून काडतुसं फक्त परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यायची, ऑनलाइन मागवली तरी ती त्याच्याच दुकानात उतरणार, असं झालं. १ जुलै २०१९ पासून प्रत्येक खरेदीला तपासणी लागू झाली. आपल्याकडे सिम कार्ड घेताना जसं जागच्या जागी केवायसी होतं, तसंच काहीसं. दुकानदार ओळखपत्र संगणकात घालतो, संगणक राज्याच्या नोंदी बघतो, आणि हो किंवा नाही सांगतो. सुरुवातीला याचं शुल्क होतं एक डॉलर.

ऐकायला सरळ वाटतं. अडचण ‘नोंदी बघतो’ या दोन शब्दांत आहे. ही झटपट तपासणी ज्याच्या नावावर राज्याच्या यादीत आधीच एखादी बंदूक आहे त्यालाच चालते. शिवाय यादीतलं नाव, जन्मतारीख, पत्ता आणि ओळखपत्र क्रमांक आजच्या ओळखपत्राशी तंतोतंत जुळला पाहिजे. आता एखाद्यानं २००५ मध्ये पिस्तूल घेतलं, त्यानंतर तीन वेळा घर बदललं. ओळखपत्रावर नवा पत्ता, यादीत जुना. तपासणी नापास. आणखी एकाकडे वडिलांची शिकारीची रायफल आहे. रायफल-शॉटगनची खरेदी राज्यानं २०१४ पासूनच नोंदवायला घेतली, त्यामुळे तो यादीतच नाही. तोही नापास. सातबाऱ्यावर ‘दत्तू’ आणि आधारवर ‘दत्तात्रय’ असल्यामुळे ज्याचं अनुदान अडकलं आहे, त्याला हे लगेच समजेल. चोर नाही, लबाड नाही. कागदाला कागद लागत नाही एवढंच.

पहिल्या सात महिन्यांत अशा कारणांनी परत पाठवलेल्यांचा आकडा एक लाखाच्या वर गेला, म्हणजे साधारण दर सहा जणांतला एक. आणि ज्यांना कायद्यानंच मनाई आहे असे किती सापडले? साडेसातशेच्या आसपास.

नापास झालेल्यांना दुसरा रस्ता होता: यादीतला पत्ता दुरुस्त करून घ्यायचा, किंवा १९ डॉलर भरून सविस्तर तपासणी करायची, जिला दिवस लागतात. बऱ्याच जणांनी तसं केलंही, आणि राज्य सरकार कोर्टात याच मुद्द्यावर उभं राहिलं. २०२३ च्या सुमारास परत जाणाऱ्यांचं प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास उतरलं होतं. तरीही मला हा आकडा जास्तच वाटतो. दहातलं एक निर्दोष गिऱ्हाईक परत पाठवणाऱ्या बँकेला आपण काय म्हणालो असतो?

पण ते साडेसातशे तर अडले ना?

अडले. आणि हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लॉस एंजेलिस शहरात स्वतःचा नियम होता: काडतूस घेताना वहीत नोंद आणि अंगठ्याचा ठसा. २००४ मध्ये संशोधकांनी दोन महिन्यांच्या नोंदी घेऊन त्या गुन्हेगारांच्या याद्यांशी ताडून पाहिल्या. खरेदी करणाऱ्यांत सुमारे तीन टक्के लोक असे निघाले की ज्यांना काडतूस बाळगायलाच बंदी होती. त्यांनी दोन महिन्यांत दहा हजारांवर काडतुसं नेली होती, तीही अंगठा उठवून, स्वतःच्या नावानं.

वही होती, नावं खरी होती, ठसेही होते. कुणीतरी बसून वाचेपर्यंत कुणालाच काही कळलं नाही. १९८६ ची बंद झालेली वही आणि ही वही यांत फरक एवढाच, की हिच्या वाट्याला वाचणारे आले.

कॅलिफोर्नियाच्या बाजूनं आणखी एक म्हणता येईल: तपासणी आहे म्हटल्यावर किती जण दुकानाची पायरीच चढले नसतील? ही संख्या कुठल्याही वहीत येत नाही. विरोधक लगेच विचारतात, मग ते दुसरीकडून आणत नसतील कशावरून? हेही मोजता येत नाही. अशा ठिकाणी दोन्ही बाजूंचे लोक फार ठाम बोलायला लागले की मी जरा सावध होतो.

हजार गोळ्या कुणाला लागतात?

सामान्य वाचकाला पडणारा पहिला प्रश्न हाच असतो. २०१२ मध्ये कोलोराडोतल्या ऑरोरा इथे सिनेमागृहात बारा जणांना मारणाऱ्या तरुणानं सहा हजारांवर काडतुसं आधीच, बहुतेक ऑनलाइन, जमवली होती. कुणाला शंका यायला नको होती का?

आता खटला कुणी भरला ते बघा. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांत पहिलं नाव आहे किम ऱ्होडी हिचं. १९९६ च्या अटलांटापासून २०१६ च्या रिओपर्यंत सलग सहा ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं पदक, त्यातली तीन सुवर्ण. उडत्या मातीच्या तबकड्यांवर नेम धरणारी ही बाई सरावाला दिवसाकाठी शेकडो काडतुसं उडवते. तिच्या हिशेबात सहा हजार म्हणजे काही दिवसांचा शिधा. आपल्याकडे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य मिळवलं, तेव्हा त्याच्या सरावाच्या गोळ्यांसाठी घरच्यांनी काढलेल्या कर्जाची कहाणी सगळ्यांनी वाचली. म्हणूनच आपल्या नियमांत नामांकित नेमबाजांना वेगळा आणि मोठा कोटा असतो.

उलट बाजूला, खून करायला एक-दोन पुरतात. अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, आणि तिथे तर एकच. म्हणजे जास्त काडतुसं घेणारा माणूस जास्त धोकादायक, हे गणित बहुतेक वेळा उलटं निघतं. आकड्यावर मर्यादा घातली तर ती आधी ऱ्होडीला अडवते. आकड्याकडे लक्ष ठेवणं मात्र वेगळी गोष्ट आहे: ज्यानं आयुष्यात कधी काही घेतलं नाही तो महिन्याभरात अचानक हजारोंनी घ्यायला लागला, तर ते दिसावं, अशी काहींची मागणी असते. बँका क्रेडिट कार्डावरचा असा अचानक बदल रोजच टिपतात.

मग कार्डवाल्यांनीच का टिपू नये?

प्रयत्न झाला. प्रत्येक दुकानाला कार्ड कंपन्यांच्या यादीत धंद्याचा एक संकेतांक असतो. हे हॉटेल, हे औषधाचं दुकान, असा. बंदूक-काडतुसांच्या दुकानांसाठी वेगळा संकेतांक २०२२ मध्ये मंजूर झाला. त्याआधी ती खेळाच्या किंवा किरकोळ सामानाच्या दुकानांत मोडायची. कॅलिफोर्नियानं कायदा करून तो सक्तीचा केला, तर फ्लोरिडासारख्या राज्यांनी तो वापरायलाच बंदी घातली. कार्ड कंपन्या मधल्यामधे अडकल्या.

यात बंदूकवाल्यांची भीती निव्वळ कांगावा आहे असं मला वाटत नाही. सरकारकडे यादी असली की ती फुटू शकते. जून २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्याच न्याय विभागाच्या संकेतस्थळावरून बंदूक लपवून सोबत नेण्याच्या परवान्यासाठी अर्ज केलेल्या सुमारे १ लाख ९२ हजार लोकांची नावं, पत्ते, जन्मतारखा उघड्या पडल्या होत्या. चोराला कुठल्या घरात बंदूक आहे याची आयती यादीच.

शेजारच्या राज्यातून आणलं तर?

नेवाडा आणि ॲरिझोना गाडीनं काही तासांवर आहेत आणि तिथे अशी तपासणी नाही. म्हणून बाहेर घेतलेली काडतुसं थेट घरी आणायला कॅलिफोर्नियात बंदी आहे. ती स्थानिक विक्रेत्यामार्फतच आली पाहिजेत. पण प्रत्येक गाडी कोण उघडणार? गोव्याहून येताना इन्सुलीच्या नाक्यावर काय सापडतं आणि काय सुटतं, हे सिंधुदुर्गकरांना विचारा.

दुसरी फट म्हणजे घरी भरणं. रिकाम्या पुंगळीत नवी टोपी, दारू आणि गोळी बसवून काडतूस पुन्हा तयार करण्याचा अनेक अमेरिकन शिकाऱ्यांना छंदच असतो. मात्र त्यासाठीची टोपी आणि पुंगळी शेवटी कारखान्यातलीच, त्यामुळे ही फट वाटते तितकी रुंद नाही.

न्यायालयानं १७९१ कशाला काढलं?

अमेरिकेच्या राज्यघटनेतली दुसरी दुरुस्ती १७९१ ची. ती शस्त्र बाळगण्याचा हक्क देते. २०२२ मध्ये ब्रूएन नावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं एक कसोटी घालून दिली: बंदुकीवरचा कायदा टिकायचा असेल, तर देशाच्या जुन्या परंपरेत त्याच्यासारखं बंधन होतं हे सरकारनं दाखवलं पाहिजे. कायदा उपयोगाचा आहे का, हा प्रश्नच मागे पडला.

मग वकील जुनी बाडं उपसायला लागले. बंदुकीच्या दारूवर तेव्हा नियम होते. बॉस्टनमध्ये १७८३ च्या कायद्यानं घरात भरलेली बंदूक ठेवायला बंदी होती. पण ती लाकडी घरांचं शहर पेटू नये म्हणून. गिऱ्हाइकाची प्रत्येक वेळी तपासणी करायची कल्पना तेव्हा कुणाच्या डोक्यात असणार? संगणक नव्हता, तसे एका तासात हजार गोळ्या उडवणारे लोकही नव्हते.

सॅन डिएगोचे न्यायाधीश रॉजर बेनिटेझ यांनी हा कायदा आधी २०२० मध्ये आणि मग जानेवारी २०२४ मध्ये थांबवला. दोन्ही वेळा वरच्या न्यायालयानं काही दिवसांतच स्थगिती दिली. मधल्या दिवसांत लोकांनी हात धुऊन घेतले, हे सांगायला नकोच. जुलै २०२५ च्या निकालात न्यायाधीश सँड्रा इकुटा यांचं म्हणणं असं, की बंदूक चालवायची तर काडतूस हवंच. तेव्हा काडतुसावर अडवणं हे हक्कावरच अडवणं आहे, आणि जुन्या काळात असं काही नव्हतं. विरोधी मत देणारे न्यायाधीश जे बायबी म्हणाले, बहुतेकांना एक डॉलर आणि एका मिनिटाहून कमी वेळ लागतो, याला अडवणूक कसं म्हणायचं? दोघांनाही नेमणारे अध्यक्ष एकच, धाकटे बुश. न्यायाधीश कुठल्या पक्षाचा हे विचारून निकाल ओळखणाऱ्यांची इथे पंचाईत झाली. दोन विरुद्ध एक अशा मतांनी कायदा हरला आणि राज्य सरकारनं मोठ्या पीठापुढे फेरसुनावणी मागितली.

आपल्याकडे हा वाद का होत नाही?

कारण आपल्याकडे शस्त्र हा हक्क नाही, सरकारनं दिलेली सवलत आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीसारखाच काडतुसालाही परवाना लागतो. एका वेळी किती आणि वर्षात किती हे ठरलेलं असतं आणि दुकानदार विक्रीची नोंद ठेवतो. काही राज्यांत नवी काडतुसं घेताना रिकाम्या पुंगळ्या परत द्याव्या लागतात. गॅसची टाकी बदलून घेतो तसं.

जाच मात्र आपल्याकडेही आहे, फक्त तो राज्यघटनेच्या भाषेत बोलला जात नाही. कोकणात अनेक शेतकऱ्यांकडे शेती संरक्षणाच्या परवान्याची बंदूक असते. लोकसभेची निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायचा आदेश निघतो, आणि नेमका तेव्हाच काजू आणि आंबा झाडावर असतो. माकडांना आचारसंहिता लागू नाही. दर निवडणुकीला निवेदनं जातात, आणि ज्याच्यावर एकही गुन्हा नाही त्याचीही बंदूक कपाटातून ठाण्यात जाऊन बसते.

गोळीवरच नंबर घातला तर?

गिऱ्हाईक तपासण्याऐवजी वस्तूवरच खूण करावी, हा विचार आकर्षक आहे. मेरीलँड राज्यानं २००० मध्ये सुरुवात केली: विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या पिस्तुलातून उडवलेली एक पुंगळी राज्याकडे जमा करायची, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या पुंगळीशी ती जुळवता येईल. पंधरा वर्षांत तीन लाखांवर पुंगळ्या पाकिटांत भरून ठेवल्या, पन्नास लाख डॉलर गेले, आणि एकही गुन्हा तेवढ्यावरून उलगडला नाही. २०१५ मध्ये योजना गुंडाळली. कॅलिफोर्नियानं २००७ मध्ये असा कायदा केला की पिस्तुलाचा खटकाच पुंगळीवर सूक्ष्म अक्षरांत नंबर उमटवेल. कंपन्यांनी तशी पिस्तुलं बनवलीच नाहीत.

ब्राझीलनं वेगळं केलं. २००३ च्या कायद्यानं पोलीस आणि सैन्याला विकल्या जाणाऱ्या काडतुसांच्या पुंगळीवर लॉटची खूण सक्तीची झाली. औषधाच्या पाकिटावर बॅच नंबर असतो तसा. १४ मार्च २०१८ च्या रात्री रिओ द जानेरोत नगरसेविका मारियेली फ्रँको आणि त्यांचा चालक यांना गाडीतच गोळ्या घातल्या गेल्या. रस्त्यावर पडलेल्या पुंगळ्यांवर खूण होती: यूझेडझेड-१८. कारखान्याच्या नोंदीत ती लगेच सापडली. तो माल २००६ मध्ये ब्राझिलियातल्या संघीय पोलिसांना विकलेला होता. त्याच खुणेच्या पुंगळ्या २०१५ मध्ये साओ पाउलोजवळच्या ओसास्कु आणि बारुएरीत सतरा जण मारले गेले तिथेही सापडल्या होत्या.

इथपर्यंत वहीनं आपलं काम चोख केलं. नियमाप्रमाणे एका खुणेखाली दहा हजारांपेक्षा जास्त काडतुसं नसावीत. यूझेडझेड-१८ खाली होती अठरा लाखांवर, देशभरच्या पोलीस ठाण्यांत वाटलेली. त्यातली खुनात वापरलेली काडतुसं कुठल्या कोठारातून, कुणाच्या हातून बाहेर पडली, हे पुंगळीवरून सांगता येईना. २०२४ मध्ये दोन माजी पोलिसांना त्या खुनाबद्दल शिक्षा झाली. ते सापडले ते दुसऱ्याच पुराव्यांवरून.